न बांधलेल्या घरांचा ग्रुप

आमच्या साक्रीकडे प्रत्येक चिंचेवर कुणी ना कुणी राहतं म्हणतात. मी त्याच चिंचांखालून शाळेत गेलो, मला कधी कुणी भेटलं नाही. त्यामुळे असले अनुभव वाचताना हसणाऱ्यांपैकी मी आहे. अजूनही हसतो. पण हा एक माझा स्वतःचा आहे आणि आज लिहून टाकतो... तुम्ही हसलात तरी चालेल.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. जळगावात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी कॅड ऑपरेटर होतो, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचो. माणसं तीन — सर, नाना आणि मी. एसी मात्र एकच, आणि तोही कॉम्प्युटरला. मे महिन्यात आम्ही बाहेर भाजून निघायचो आणि मशीन गारव्यात बसायचं. त्या केबिनमध्ये जायचं तर चपला बाहेर काढायच्या. नाना म्हणायचे, "जा बुवा तुझ्या देवघरात."

नाना म्हणजे आमचे जुने ड्राफ्ट्समन. तीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढलेले. मशीन आलं आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी माझा राग केला असता तर मला सोपं गेलं असतं. पण हा माणूस दुपारी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायचा. मूळचे पाचोऱ्याचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही, जळगावात एका खोलीत एकटे. मीही दुसऱ्या एका खोलीत एकटाच. रविवारी दिवसभर माझ्या तोंडून चहावाल्याला "एक चहा" म्हणण्यापलीकडे शब्द निघायचा नाही.

वर्षभरात मी तीनशेवर शीट्स मशीनवर चढवल्या होत्या आणि सगळ्या एकाच ठिकाणी कोंबल्या होत्या. सर म्हणाले, वेगवेगळे ग्रुप कर. मी नेहमीसारखे करणार होतो — प्लॅन एकीकडे, सेक्शन म्हणजे उभे छेद एकीकडे. नानांनी कपाळाला हात लावला.

"अरे, गवंडी काय सेक्शन सेक्शन करत येतो का? कागद ज्याच्या हातात जायचा, त्याच्या नावाचा गठ्ठा!"

मग आम्ही गवंड्याचा ग्रुप केला, सुताराचा केला, नळवाल्याचा केला. नाना काचेच्या दाराबाहेर स्टुलावर रजिस्टर घेऊन बसायचे आणि शीटचा नंबर ओरडायचे, मी आत ती शीट हलवायचो. महिनाभर चाललं हे. माझे जळगावातले चांगले दिवस तेवढेच.

शेवटी काही शीट्स उरल्या. लोकांनी नकाशे काढून घेतले होते, पण घरं बांधलीच नव्हती — कुणाचे भाऊ वेगळे झाले, कुणी सुरतेला निघून गेलं. नाना म्हणाले, "यांचाही ग्रुप कर. नाव लिही — राहिलेले." मशीनवर नावाला आठच इंग्रजी अक्षरं चालायची. बरोब्बर आठ बसली! नाना खूश. "बांधली नाहीत तरी राहिलेले, बघ!" हा विनोद त्यांनी त्या दिवशी चारदा केला.

मग हळूच म्हणाले, "माझंही एक आहे रे. पाचोऱ्याच्या प्लॉटवरचं. बायको गेली, मग बांधायचं मनच झालं नाही. ट्रेसिंग आहे बहिणीकडे, आणतो. एकदा तुझ्या मशीनवर दिसू दे."

मी म्हणालो, "उद्या काढू."

असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मी उद्याच म्हणालो. फार काम होतं असंही नाही. अर्ध्या दिवसाची गोष्ट... नुसता कंटाळा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी नाना आजारी पडले आणि पाचोऱ्याला बहिणीकडे गेले. त्याच आठवड्यात हार्ड डिस्क भरली. सर म्हणाले, "जे बांधलंच नाही ते कशाला ठेवायचं? उडव." मी उडवलं. अख्खा ग्रुप, स्वतःच्या हाताने. केबिनला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून सणाला साक्रीला गेलो. दुसरी किल्ली नव्हती.

चार दिवसांनी परत आलो तर सर दारातच म्हणाले, "नाना गेले रे. आखाजीच्याच दिवशी."

मी चपला काढल्या, कुलूप उघडलं, मशीन सुरू केलं. दुसरं काय करायचं तेच सुचेना. सकाळचे अकरा वाजले होते, खाली रिक्षांचा गोंगाट, खिडकीतून लख्ख ऊन.

यादीत 'राहिलेले' होता.

उडवलेलं परत आणायची युक्ती तेव्हाही होती, मला माहीत होती. पण आत जुन्या शीट्सपैकी एकही नव्हती. एकच फाइल होती, माझ्या ओळखीची नसलेली. उघडली. रेघा सावकाश उमटत गेल्या... दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना ओलांडून किंचित पुढे गेलेल्या. कॅडवर मी रेघ अशी कधीच सुटू देत नाही. नाना हाताने काढताना मुद्दाम तशी सोडायचे. आणि नानांनी त्या माऊसला कधी बोटही लावलं नव्हतं!

दारालगतच्या खोलीत नाव लिहिलेलं होतं. बैठक नाही, ओसरी नाही. दिलीप. म्हणजे मी.

भीती नाही वाटली. रडू आलं. सरांना बोलावलं, त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "तूच काढलं असशील, विसरला असशील." तसं असतं तर किती बरं झालं असतं.

दहाव्याला पाचोऱ्याला गेलो. नानांच्या बहिणीने, अक्कांनी, पेटीतून ट्रेसिंग काढून दिलं. घर तेच, मापं तीच. फक्त दारालगतची खोली कोरी. मी विचारलं, ही कशाची?

अक्कांनी मलाच उलट विचारलं, "तू दिलीप का? नाना आठे मन्हा घरमा आजारी व्हता तवय रोज म्हने, त्या पोऱ्याना जळगावमा कोनी नही. घर बांधसू तं पुढली खोली त्याले देसू."

त्यानंतर मी बऱ्याच जाणकारांना विचारलं. कुणी व्हायरस म्हणालं, कुणी डिस्क खराब म्हणालं, एकाने तर मलाच डॉक्टर सुचवला. मला एकही उत्तर पटलं नाही आणि माझ्याकडे दुसरंही नाही. ती शीट कुणी काढली, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की त्या तीन दिवसांतल्या एका दिवशी मी 'उद्या' म्हणालो नसतो, तर ती मीच काढली असती. नाना मागे उभे राहून म्हणाले असते, "या खोलीची खिडकी जरा मोठी ठेव." मी विचारलं असतं, "का, इथे कोण राहणार आहे?" आणि त्यांनी मला सांगितलं असतं.