इंदरमलशेटांचा मिश्र माल

आमच्या गल्लीतले इंदरमलशेट नंदुरबारच्या बाजारातले जुने मिरचीचे व्यापारी. मूठभर मिरची हुंगून तिखटपणा सांगतील, पण स्वतःच्या तब्येतीचं त्यांना ओ की ठो कळत नाही.

रक्तदाबासाठी ते वर्षानुवर्षं एक जुनी, स्वस्त गोळी घेत. गोळी गुणी, फक्त सकाळभर लघवीला पळवायची. लिलावात नेमका चांगला ढीग निघाला की शेट गायब! परत येईतो माल दुसऱ्याचा. सगळे खिदळायचे आणि शेट जळफळायचे. शेवटी मुलगा अंकित सुरतेहून आला, डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि नवी गोळी सुरू झाली. पळापळ थांबली.

पण घरात जुन्या गोळ्या उरल्या होत्या. व्यापाऱ्याचा जीव, माल फेकवेल कसा? शिवाय मिरचीवाल्यांची रीतच आहे: एक मिरची रंगाला, एक तिखटाला, दोन्ही मिसळल्या की गिऱ्हाईक खूश. लिलावाला सुट्टी लागली तशी शेटांनी तीच रीत पोटाला लावली. रोज एक नवी, एक जुनी.

व्हायचं तेच झालं. मिरची वाळवायच्या पथारीवर शेट उभ्याउभ्या लाल ढिगात कोसळले. शुद्धीवर आले ते शिंकतच. मला हसूही फुटत होतं आणि भीतीही वाटत होती; तसंच त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दोन्ही मिळून दाब पार तळाला गेला. एकच घ्यायची."

"मग नवीच चांगली ना?" शेटांनी विचारलं.

"नवी म्हणून चांगली आणि जुनी म्हणून टाकाऊ, असं नसतं. दाब दोन्ही उतरवतात. तुमच्या नवीनं काहींना कोरडा खोकला लागतो."

खोकला तर शेटांना महिनाभर होताच. आम्ही उगाच मिरचीला बोल लावत होतो! डॉक्टरांनी नवी बंद केली. दाब वर आला की जुनीच सुरू करा म्हणाले.

शेट तडकले, "परत पळापळ? लिलावमा मन्ही इज्जत काय ऱ्हाई?"

सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी बदामबाई घरात मारवाडी बोलतात. रागावल्या की अहिराणीवर येतात, म्हणजे साऱ्या गल्लीला कळावं.

"इज्जत गई तं जाऊ द्या. तुम्हीच गयात तं मी कोनासंगे भांडू?" म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या.

शेटांनी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर घासाघीस केलेला माणूस, पण इथं पहिल्याच बोलीला कबूल झाला.

"जुनी तं जुनी," ते म्हणाले, "पन तू रडू नको."