बर्फीचा डबा आणि विभागप्रमुखाची खुर्ची

आमच्या सदरमधल्या ऑफिसात कोणाला बढती मिळो की नातू होवो, संत्रा बर्फी आणायचा मान माझाच. कारण मला शुगर. दुसऱ्या कोणाला धाडलं की दोन किलोचा डबा वाटेतच दीड किलोचा व्हायचा. "तुह्यावर भरोसा आहे गा," साहेब म्हणायचे.

हा भरोसा डब्यापुरता. दुपारी मी इन्सुलिनचं पेन काढलं की शेजारची तीन टेबलं मागे सरकायची, जसा काही मी पिशवीतून नागच काढला! शेवटी साहेबांनी माझी सोय स्टोअररूममध्ये, फुटक्या कूलरमागे केली. "तुह्याच भल्यासाठी."

अशात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. सगळ्यांत जुना मी. निकालाच्या दिवशी दुपारी साहेब म्हणाले, "जा, दोन किलो बर्फी घेऊन ये." मी समजलो, आपलंच तोंड गोड होणार! त्या आनंदात सुई टोचली आणि जेवायचं विसरलो.

मे महिना. ऊन असं की म्हशीसुद्धा सावलीसाठी नंबर लावून उभ्या. परतताना हात थरथरले, घाम फुटला, एका सिग्नलचे तीन दिसायला लागले. शुगर घसरली होती. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, डबा उघडला आणि दोन बर्फ्या गिळल्या. यमदूत आला होता, तो वास घेऊन परत गेला.

ऑफिसात डबा उघडला. दोन जागा रिकाम्या. साहेबांनी त्या बोट लावून मोजल्या.

"काहून गा, तुले शुगर अन् तूच बर्फी खाऊन राहिला?"

"साहेब, शुगर खाली गेली होती. नसती खाल्ली तर डबा आला असता, मी नसतो आलो."

"हेच म्हणतो मी! ज्याले डबा सांभाळता येत नाही, तो विभाग काय सांभाळीन?"

आणि खिशातून कागद काढून त्यांनी माझ्यानंतर सात वर्षांनी लागलेल्या पोराच्या हाती दिला. कागद सकाळीच टाइप झाला होता. म्हणजे माझा गुन्हा दुपारचा, शिक्षा सकाळची.

नकाराचं कारण लेखी द्या, असा अर्ज मी केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. 'तुह्याच भल्यासाठी' हे कागदावर कसं लिहायचं, ते अजून साहेबांना सुचलेलं नाही.

बर्फी आता नवे विभागप्रमुख आणतात. परवा दोन किलोच्या डब्यात सात तुकडे निघाले. कोणी काही विचारलं नाही. त्यांना शुगर नाही ना.