चार रिकामी भोकं

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं, असं आई म्हणायची. मखमलाबादला आमचा भाजीचा आणि झेंडूचा मळा होता. मळ्यात शिरलेल्या डुकरापासून भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत मी कुणाकुणावर हात टाकलाय याची यादी मोठी आहे. त्यामुळे हे सांगताना मी साधूचा आव आणणार नाही. नाशकात साधू तसेही पुष्कळ आहेत.

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या एका कारखान्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर लागलो. परदेशी गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे ब्रॅकेट आम्ही ठोकायचो. एक दिवस ट्रेलरवरून, लाकडी खोक्यात बांधलेली एक थोराड प्रेस आली. जर्मनीहून. तिथे ती भंगारात निघाली होती आणि आमच्या मालकानं ती वजनावर उचलली होती. "जुनं ते सोनं," मालक म्हणाला, आणि आम्ही तिला हार घातला. तिच्या कपाळावर एक पितळी पट्टी होती, तिच्यावर त्यांच्या भाषेत चार ओळी कोरलेल्या. पुढच्या अंगाला चार रिकामी भोकं होती. ती कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे तेव्हा मी मळ्यातून झेंडू आणायचो, आणि त्या चार भोकांत उदबत्त्यांचे जुडगे असे बसायचे की जणू त्यासाठीच पाडलेली. पितळी पट्टीवर हळदकुंकवाचं स्वस्तिक निघायचं. ते काढायचं काम माझ्या जोडीदाराचं.

जोडीदार सुरगाण्याकडचा, डोंगरातला. घरी भात आणि नागली. पाऊस सरला की त्याचे आईबाप द्राक्षबागांत मजुरीला उतरायचे. महिन्याला ठरलेला पगार घरी नेणारा त्यांच्यातला तो पहिलाच, आणि या गोष्टीचा त्याला केवढा अभिमान होता! स्वस्तिक असं काढायचा की पट्टी लावून आखल्यासारखं. तो प्रेसमध्ये पत्रा लावायचा, मी निघालेला ब्रॅकेट तपासून ट्रेमध्ये रचायचो. डबा आम्ही एकत्र खायचो.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे पोलादी साचा, खाली यायचा. म्हणजे डाय खाली येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर. ज्यानं कुणी ती बसवली त्यानं डोकं चालवलं होतं. पण त्यात वेळ जायचा, आणि गाड्यांच्या परदेशी कंपनीकडून दर महिन्याला फॅक्स यायचा: अजून स्वस्त द्या, अजून लवकर द्या, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या देशाला जाईल. त्या दुसऱ्या देशाचं नाव दर वेळी वेगळं असे. तिथेही आमच्यासारखेच कुणीतरी दोघं प्रेसवर उभे असणार आणि त्यांना आमच्या देशाच्या नावानं दम भरला जात असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला एवढंच कळत होतं की आमच्या लाइनला रोज नग कमी पडतात आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत आमची लाज काढतो.

मग मी एक युक्ती केली. फुलांच्या पाटीची एक बांबूची कामटी घरून आणली, चाकूनं तासली आणि उजवं बटण दाबून त्याच्या फटीत ठोकली. बटण आतच अडकलं. आता डावं बटण दाबलं की पुरे, उजवा हात पत्रा लावायला मोकळा.

"नको रं भाऊ," जोडीदार म्हणाला. "मला भ्या वाटतंय."

"वाघाच्या जंगलातला तू, आणि बटणाला भितो?" मी म्हणालो. आजूबाजूचे हसले. तोही हसला, आणि कामाला लागला. त्या दिवशी आमचे नग सगळ्यांत जास्त भरले. दुसऱ्या दिवशीही. सुपरवायझरनं कामटी पाहिली आणि मान दुसरीकडे फिरवली.

ते दोन महिने चाललं. एका दुपारी, डबा खाऊन नुकते उभे राहिलो होतो, डाय खाली आला. आवाज नेहमीचाच आला. पत्रा आणि हाड यांत प्रेसला काही फरक करता येत नाही. मी ब्रॅकेट घ्यायला हात पुढे केला तो रक्तात गेला. जोडीदार ओरडला नाही. मनगटाखाली त्याचा उजवा हात उरलाच नव्हता, डायमध्ये नुसता लगदा होता, आणि तो आधी त्या लगद्याकडे, मग माझ्याकडे बघत होता.

मी कामटी उपटली, प्रेसखाली भिरकावली आणि मग त्याला धरलं.

त्याला टेम्पोत घालून नेलं आणि शेडमधली मशिनं बंद पडली. सुपरवायझरनं प्रेसखाली वाकून कामटी बाहेर काढली, वर धरली आणि म्हणाला, "बटण अडकवलं होतं. तुमच्यातल्याच कुणीतरी." तो खरं बोलत होता, म्हणूनच मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो पडला तरी मी थांबलो नाही. त्याचा दात माझ्या मुठीत रुतला, ती खूण अजून आहे. मागून सगळी शेड उसळली. ऑफिसच्या काचा फुटल्या, मालकाची गाडी उलटी झाली, कुणीतरी टाइमकीपरला खुर्चीसकट जिन्यावरून ढकललं. पोलीस आले आणि त्यांनी गेटपासून रस्त्यापर्यंत आम्हाला झोडपत नेलं. माझ्या डोक्याला टाके पडले. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

कारखाना काही दिवस बंद राहिला. तिकडून फॅक्सवर फॅक्स येऊ लागले तशी मालकाला घाई झाली. चौकशी बसली. टेबलावर एका कागदावर ती कामटी ठेवलेली होती, तिला सुकलेलं रक्त. साहेबांनी मला विचारलं, "ही कुणाची?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

जोडीदार शेजारीच बसला होता, हाताला मोठं बँडेज. त्याला विचारलं तेव्हा तो खाली बघत राहिला. प्रेस चालवणारा तो, म्हणून कामटीही त्याचीच ठरली. दुसऱ्या दिवशी समझोता झाला: सुपरवायझरला मारल्याची माझ्यावरची केस मागे, सगळ्यांना कामावर घ्यायचं, फक्त जोडीदाराला नाही. चूक त्याची, म्हणून नोकरी गेली आणि भरपाईही नाही. त्या कागदावर कामगारांच्या बाजूनं पहिली सही माझी आहे. तो गावी गेला, आणि मी पुढारी झालो.

वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं, कारखान्यात एका जर्मन कंपनीनं भागीदारी घेतली आणि तिकडचा एक म्हातारा इंजिनिअर शेड बघायला आला. सोबत पुण्याचा दुभाषी. आमच्या प्रेससमोर तो थबकला. खिशातून रुमाल काढून त्यानं पितळी पट्टीवरचे कुंकवाचे थर पुसायला सुरुवात केली. आमच्यातला एकजण "अहो, अहो" करत पुढे झाला, पण तोवर म्हाताऱ्याचा चेहरा उतरला होता.

दुभाष्यानं सांगितलं, पट्टीवर लिहिलंय की समोरची संरक्षक जाळी बसवल्याशिवाय ही प्रेस चालवू नये. ती चार भोकं जाळीच्या बोल्टची. ही प्रेस पूर्वी म्हाताऱ्याच्याच कारखान्यात होती, आणि तिला एकच बटण होतं तेव्हा तिच्यावर एका माणसाचा हात गेला होता. मग दुसरं बटण आणि जाळी बसवली, पुढे नियम आणखी कडक झाले आणि प्रेसच बाद केली. भंगारात काढताना जाळीचं लोखंड वेगळं विकलं.

मी म्हाताऱ्याची कॉलर धरून त्याला प्रेसवर दाबला. "तुमच्या माणसाचा हात गेला तर मशीन बाद, आणि आमच्या माणसाचा गेला तर माणूस बाद, होय रे?" मी ओरडत होतो, दुभाषी ते त्याला सांगत होता. माझी मूठ वर होती. म्हातारा सुटायला धडपडला नाही. धापा टाकत त्यानं एवढंच विचारलं आणि दुभाष्यानं ते चाचरत मराठीत सांगितलं: "पण बटणं दोन आहेत ना? मग हात आत गेलाच कसा?"

शेडमधले जुने लोक माझ्याकडे बघत होते. मी कॉलर सोडली.

त्या रविवारी मी जीपनं सुरगाण्याच्या पुढे त्याच्या पाड्यावर गेलो. तो अंगणात बसून डाव्या हातानं नागली पाखडत होता. मी पट्टीचं सांगितलं, भोकांचं सांगितलं. त्याचं पाखडणं थांबलं.

"म्हंजे त्या लिहिलेल्यावर मीच कुंकू फासत व्हतो," तो म्हणाला.

"कामटी माझी होती," मी म्हणालो. "चौकशीत मी खोटं बोललो. मार मला. पायतान घे आणि मार."

"कामटीचं काय नाय. नको म्हनलो, पन उठून तर गेलो नाय ना मी." त्यानं सूप खाली ठेवलं. "पन माझा हात आत व्हता भाऊ. तू आधी कामटी काढलीस, मंग मला धरलंस. तेवढं मी रोज बघतो."

त्याच्या बायकोनं भाकरी आणून दिली. तो डाव्या हातानं जेवू लागला. मी समोर बसून होतो, आणि माझे दोन्ही हात कुठे ठेवावेत तेच मला कळत नव्हतं.