चिंचेनं घासलेली प्लेट

दत्ता गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी त्याची छापाचित्राची शेवटची तांब्याची प्लेट आधी रॉकेलनं पुसली, मग चिंचेनं आणि काथ्यानं घासून लख्ख केली. सुनंदावहिनींनी, त्याच्या पत्नीनं, ती परळच्या त्याच्या कामाच्या खोलीतून घरी आणायला सांगितली होती, एवढंच. पण फोटोशेजारी ठेवायची तर अशी काळीकुट्ट कशी ठेवायची? मी निवृत्त बँकवाला. चकचकीत दिसलं की काम झालं, ही आमची समजूत.

लालबागच्या चाळीत आम्ही शेजारी वाढलो. दोघांचे वडील गिरणीत. तो छापाचित्रं शिकून आला तेव्हा त्याच्याबरोबरचे चित्रकार देव, होड्या, कोळणी काढत होते. दत्तानं मात्र काळे ठोकळे आणि त्यांतून जाणाऱ्या रेघा छापल्या, आणि आयुष्यभर त्याच छापल्या. ओले छाप गॅलरीतल्या दोरीवर धोतरांच्या मधे लटकायचे. त्याची आई विचारायची, "झिला, ह्यात माणूस खंय आसा?" हा म्हणायचा, "आये, बघतंस ती तूच." हे उत्तर मी बँकेत माझं म्हणून खपवलं. त्याला कळलं, तेव्हा नुसता हसला...

वहिनींनी लख्ख प्लेट पाहिली आणि खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरली. चित्र त्या काळ्या थरातच होतं. मेणाच्या लेपावर सुईनं रेघा ओढून झाल्या होत्या. ॲसिडमध्ये बुडवून त्या तांब्यात उतरवायच्या, तेवढ्यात तो हॉस्पिटलात गेला. हे सगळं मी त्याच्या खोलीत बसून शेकडो वेळा पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे, चहा प्यायलो होतो.

"काहीच नाही का हो उरलं?" मी विचारलं.

"छापल्याशिवाय कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परळला गेलो. जन्मभर त्याच्या जोडीनं छापणाऱ्या वहिनींनीच प्लेटला शाई भरली, ओरखड्यांत तेवढी उरेल अशी पुसली, वर ओला कागद ठेवला. प्रेसचं चाक मी फिरवलं. कागद उचलला, तर पानभर माझ्या घासण्याची गोल गोल वळणं. वहिनी चष्मा कपाळावर सरकवून कागदावर वाकल्या. वळणांवरून अधांतरी बोट फिरवत गेल्या. मग डाव्या कोपऱ्यात त्यांचं बोट थांबलं. केसासारख्या तीन-चार रेघा होत्या; तिथे सुई जरा जोरात टेकली असावी.

"हा त्यांचा हात," त्या म्हणाल्या.

कागद त्यांनी दोरीवर लावला, चिमटे नीट केले आणि माझ्याकडे वळल्या.

"बाकी सगळं तुमचं, भाऊजी. घरी कधी एक कप तरी विसळलात?"