शेवटची सोळा पानं

चादरीचं एक टोक बाइंडरच्या हातात, दुसरं बायकोच्या. पिळायला जेमतेम सुरुवात झाली, तोच दारात बाई उभ्या. लहानपणी शाळेत त्याला शिकवणाऱ्या, आणि आता वाचनालयातल्या सगळ्यांत खाष्ट वाचक. काखेत रहस्यकथा. बाइंडरच्या हातून चादर सुटली.

तीस वर्षं तो वाचनालयाची पुस्तकं बांधत आलेला. हाताला देवाने असं काही देणं दिलेलं, की एक वेळ पान फाटेल पण शिवण उसवणार नाही. खोड एकच. रहस्यकथेची शेवटची सोळा पानं तो डोळे मिटून लावायचा. खुनी आधीच कळला तर मग वाचायचं काय? गेल्या महिन्यात अशीच पानं उलटी लागली, तेव्हा ग्रंथपालांनी बजावलं होतं, "आणखी एक चूक, की काम दुसऱ्याला."

"काय झालं बाई?"

"माळ्याने खून केलाय."

"शेवट नका ना सांगू."

"अरे, माळी पुस्तकात आहेच कुठे? घर आठव्या मजल्यावर. बाग नाही, कुंडी नाही."

"तरी मी म्हणत होते," बायको म्हणाली, "डोळे उघडे ठेवून काम करा."

बाई स्टुलावर टेकल्या. "ऐक. पहिल्या काळातला हेर बुटाचा चिखल बघून माणसाच्या सात पिढ्या सांगायचा, आणि त्याचा मित्र आ वासून बघायचा. मग कोड्यांचे दिवस आले. सगळे संशयित एका खोलीत कोंडायचे, पुरावे वाचकापुढे टाकायचे, म्हणायचं, ओळख. पुढे हेर गल्लीबोळात उतरला, मारही खाऊ लागला. आणि हल्लीचा पोलीस? त्याला गुन्हेगार सापडतो, पण पोटची मुलगी त्याच्याशी बोलत नाही. माझ्या पुस्तकातला दोनशे पानं तिला फोन लावतोय बिचारा, आणि शेवटी एकदम घोडागाडीतून उतरतो, चिखल बघतो, म्हणतो, माळी."

बाइंडरला हसू आवरेना. मग ग्रंथपालांची तंबी आठवली. "त्या खेपेला तुमच्या या पुस्तकासकट सहा पुस्तकं बांधली, बाई. सगळी लोकांच्या घरी गेली असतील."

"घोडागाडीच्या काळातलं त्यात कोणतं?"

"एकच. हिरव्या पाठीचं."

"मग माझा शेवट त्यात. ते कुणी नेलंय?"

"दवाखान्यातल्या कंपाउंडरने," बायको म्हणाली. "कालच सांगत होता, गोष्ट झकास, पण शेवटी हेराला मुलीचा फोन..."

बाईंनी दोन्ही कान झाकले. "गप्प बस गं."

आता तिघंही हसली.

"ग्रंथपालांना मी काही बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत दोन्ही नीट करून दे. मात्र डोळे उघडे ठेवून."

"मग माझ्या वाचनाचं काय?"

"आधी वाच, मग बांध."

तीस वर्षांत हे साधं सुचलं नव्हतं. देव कुणाच्या तोंडून बोलेल, सांगता येत नाही. आणि त्या दिवशी तो चक्क मास्तरणीच्या तोंडून बोलला. बाइंडरने ओले हात सदऱ्याला पुसले, चपला चढवल्या आणि हिरव्या पाठीचं पुस्तक परत आणायला दवाखान्याकडे निघाला.