टीव्हीभाऊ आणि तळ्यातले मासे

टीव्हीभाऊंना हळू बोलता येत नसे. कुणाच्या घरी सांत्वनाला गेले, तरी गेलेल्या माणसाचं कौतुक तिसऱ्या गल्लीपर्यंत पोचे. त्यांचा तरी काय दोष? कुरखेड्याच्या आसपास मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, दिवसांत जी नाटकं होत, त्यांत ते वर्षानुवर्षं खलनायक होते. आवाज जरा खाली आला की शेवटच्या रांगेतली म्हातारी ओरडे, "काऊन रे, जेवला नाई का?" मी शाळेत मास्तर होतो आणि हौसेनं त्यांना विंगेतून संवाद सांगायचो. त्यांना ते कधी ऐकूच जात नसत. ते स्वतःचेच बोलत, आणि ते बहुधा लेखकापेक्षा बरे असत.

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या टीव्ही केंद्राला शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी गावाकडचा माणूस हवा होता. भाऊंची निवड झाली. अट एकच, भाषा शुद्ध हवी. ती अट माझ्या गळ्यात पडली. महिनाभर शाळा सुटल्यावर भाऊ पहिलीच्या बाकावर गुडघे दुमडून बसत आणि 'आनि पानी'चं 'आणि पाणी' करत. एकदा वैतागून म्हणाले, "मास्तर, या ण साठी जीभ उलटी करा लागते. पान्याले तं काईच फरक पडत नाई!"

तिकडे निर्मात्या बाई सांगत, "भाऊ, हळू. माइक तुमच्या सदऱ्यालाच लावलाय." भाऊ म्हणत, "मंग त्याले दूर लावा ना, बाई. मले काऊन दाबता?" आमच्याकडे टीव्ही एकच, ग्रामपंचायतीत. उंच बांबूवर अँटेना चढवूनही पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण आवाज खणखणीत येई, आणि जमलेली मंडळी त्या मुंग्यांनाच कुणी रामराम करी, कुणी जयभीम.

भाऊ ढिवराच्या घरचे. त्यांचे भाऊबंद तळ्यात जाळं टाकून जगत. दोन वर्षांनंतर एके दिवशी कार्यक्रमात एक मोठे साहेब आले. कार्यक्रम थेट चालू होता. साहेब म्हणाले, "सर्व तळ्यांमध्ये आम्ही मत्स्यबीज सोडलेलं आहे." भाऊंच्या हातात पुढचा लेखी प्रश्न होता. तो त्यांनी घडी करून खिशात टाकला, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. आम्हाला फक्त ऐकू आलं:

"कोनत्या तळ्यात, साहेब?"

"सगळ्याच."

"आमच्या तळ्यात माहे भाऊ रोज जाळं टाकून राह्यले. चिखल येते, शिंगाडा येते, एकडाव चप्पल आली. मासा नाई. तुमचे मासे का सुट्टीवर गेले?"

ग्रामपंचायतीत हशा उसळला. मुंग्यांमधून कुणीतरी खोकलं, आणि मग एकदम सनई सुरू झाली.

महिन्याभरात भाऊ परत आले. आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्या शांततेनं गाव घाबरलं. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्तर, ण चुकला म्हनून काढलं असतं तं समजलो असतो." त्यांचे डोळे भरले होते. मासे काही तळ्यात आलेच नाहीत. पण पुढच्या मंडईत भाऊंनी पोस्टरवर स्वतःच्या नावाखाली ठळक छापून घेतलं, 'टीव्हीवरून काढून टाकलेले सुप्रसिद्ध नट'. मंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही.

त्याच वर्षी आमच्या शाळेची तपासणी झाली. आलेले साहेब 'सर्व मुलांना पुस्तके मिळाली' असं लिहायला लागले. मुख्याध्यापक मान डोलावत होते. माझीही डोलायच्या बेतात होती. पण तोंडातून निघालं, "कोनत्या मुलांले, साहेब?"

माझी बदली सिरोंच्याला झाली, जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. निरोप द्यायला भाऊ एसटी स्टँडवर आले. माझा चेहरा बघून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, "मले नुसतं हाकललं, मास्तर. तुमाले पगारासकट हाकलून राह्यले. रडता काऊन?"

गाडी हलली. खिडकीबरोबर चालत ते ओरडले, "आन् तिथी सारे तेलुगू बोलते! खरं बोलाले आधी ते शिका लागन. तोवर टिकते तुमची नोकरी!"

भाऊंची पुन्हा गाठ पडली नाही. तेलुगू मात्र मी सहा महिन्यांतच शिकलो.