ट्रेनमध्ये पासपोर्ट कोण बघतं?

माझी प्रमिला मावशी कुणावरच विश्वास ठेवत नाही. लिफ्टचं बटण मी दाबलं असेल तरी ती परत दाबते. ग्रोसरीवाल्याने पुदिना फुकट दिला तर ती तिथेच उभी राहून बिल वाचते, कारण "हा आज गोड का वागतोय?" दुबईत जेएलटी भागातल्या एका ऑफिसात ती अ‍ॅडमिनला आहे आणि तिचं काम म्हणजे स्टाफचे व्हिसे. नवीन आलेल्याचा काढायचा, जुन्याचा रिन्यू करायचा, सोडून गेलेल्याचा कॅन्सल करायचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे तिला माणूस दिसला की आधी त्याची एक्सपायरी दिसते, असं सुजीतकाका म्हणतात. काका म्हणजे तिचे मिस्टर. ते रास अल खैमाला टाइल्सच्या फॅक्टरीत आहेत, आठवडाभर तिथेच राहतात आणि शनिवारची ड्यूटी संपवून करामाला घरी येतात.

तर गेल्या शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "मैथू, लॅपटॉप घेऊन ये. अळूवड्या केल्यात."

अळूवड्या म्हणजे काम मोठं होतं. तिचा मुलगा रोनित प्रागमध्ये शिकला आणि आता तिथेच नोकरीला लागलाय. त्याच्या ऑफिसचं काहीतरी बुडापेस्टला होतं, म्हणून त्याने प्लॅन केला की आईने दुबईहून बुडापेस्टला यायचं, तो तिला तिथे घेणार आणि मग दोघं प्रागला जाणार. मावशीच्या तिकडच्या व्हिसाच्या अर्जात लिहायला लागतं की या शहरातून त्या शहरात कसे जाणार. मावशी म्हणत होती विमान, रोनित म्हणत होता ट्रेन.

"तू शोधून काढ," मावशी म्हणाली. "आणि त्याच्या बाजूने बोलू नको, लाच दिलीय मी."

मी वडी तोंडात कोंबून शोधायला लागले. विमान सव्वा तासाचं, ट्रेन जवळजवळ सात तासांची. मी म्हटलं, पण मावशी, विमानाला दोन तास आधी पोचायचं, एअरपोर्ट शहराच्या बाहेर, बॅगेचे वेगळे पैसे. ट्रेन डायरेक्ट शहराच्या मधून निघते. सव्वादोनशे दिरहॅमच्या आसपास, म्हणजे पाच हजारावर रुपये झाले, विमानापेक्षा स्वस्तच.

"स्वस्त का?"

"स्वस्त आहे म्हणून स्वस्त आहे मावशी!"

"बॅग कुठे देतात?"

"देत नाहीत. आपल्याजवळच ठेवायची."

"म्हणजे चोरीला. बरं, पासपोर्ट कुठे दाखवायचा?"

"कुठेच नाही. कधीतरी पोलीस चढतो म्हणे, नाहीतर कुणीच विचारत नाही. हंगेरीतून स्लोव्हाकिया आणि मग चेक. एकाच सीटवर बसून तीन देश!"

मला हे इतकं भारी वाटलं की मी ओरडूनच सांगितलं. मावशीचा चेहरा पडला.

"तीन देश ओलांडायचे आणि विचारायला कुणी नाही? मैथू, असं नसतं. काहीतरी असणार, ते तुला सांगत नाहीयेत."

हसू नका. तिच्याबरोबर झालंय. रोनित लहान असताना हे तिघं गाडीने ओमानला फिरायला गेले होते. पुढची गाडी थांबली नाही म्हणून काकाही थांबले नाहीत आणि देशाबाहेर जाताना शिक्का मारतात ती एक्झिटची खिडकी मागे राहिली. ओमानच्या बाजूने परत पाठवलं. मग इथल्या बाजूला भर ऊन, मांडीवर तापलेलं पोर, आणि तुम्ही गेलाच नाहीत तर परत कसे येताय, असं विचारणाऱ्यांना समजावत अख्खा दिवस गेला. तेव्हापासून मावशीचं ठरलंय. जिथे कुणी अडवत नाही, तिथेच माणूस अडकतो.

मी म्हटलं, "पण रोनितदादा इतकं ट्रेन ट्रेन का करतोय?"

खरंतर मी असंच बोलले. पण मावशी थांबली. हातातली वडी ताटलीत ठेवली.

"तेच म्हणते मी. फोनवर चार मिनिटं झाली की त्याची मीटिंग असते. आणि सात तास माझ्यासमोर बसायला तयार आहे. का?"

मग तिने दुसरं सांगितलं, जे तिने माझ्या आईलापण सांगितलं नव्हतं. रोनितचा इथला व्हिसा अजून काकांच्या नावावर आहे. आणि सहा महिने सलग बाहेर राहिलं की इथला व्हिसा बाद होतो. म्हणून तो दर वेळी मुदतीच्या आत दोन दिवस येतो, आईच्या हातचं जेवतो आणि जातो. या वेळची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. मावशी तीनदा म्हणाली, ये. तो तीनदा म्हणाला, आई, तूच ये ना.

"मुलगी असेल," मी म्हटलं.

"मुलगी असती तर बरं," मावशी म्हणाली आणि तिने बोटिम अ‍ॅपवर रोनितला कॉल लावला. स्पीकरवर.

"हाय आई! बुक केलं?"

"रोन्या, ट्रेन का?"

"बिकॉज इट्स ब्यूटिफुल. खिडकीतून नदी दिसते."

"नदी बघायला मी येत नाहीये. खरं सांग."

"व्हॉट खरं?"

"मुलगी आहे?"

"नो!"

"नोकरी गेली?"

"आई, गॉड, नो."

"मग पुढच्या महिन्यात तू दुबईला येणार नाहीयेस."

पलीकडे ट्रामची घंटा वाजली. त्यावरूनच मला कळलं की मावशी बरोबर आहे. तिला पण कळलं. तिने टेबलाची कड धरली.

"आय वॉज गोइंग टु टेल यू ऑन द ट्रेन," तो म्हणाला. "विमानात तू पासपोर्ट छातीशी धरून बसतेस, तुला काही ऐकू येत नाही. आणि घरी सांगितलं की तू किचनमध्ये निघून जातेस. ट्रेनमध्ये यू कान्ट गो एनीव्हेअर."

"सांग मग आत्ता."

"आई, मी पंचवीसचा होतोय. बाबांच्या व्हिसावर मला तसंही पुढे राहता येणार नाही, यू नो दॅट बेटर दॅन मी. दोन दिवसांसाठी धावत येतो, टच करतो, पळतो. आय डोन्ट वॉन्ट टु डू इट एनीमोर. व्हिजिट व्हिसावर येईन ना. रोज कितीतरी लोक येतात."

"स्वतःच्या घरी? टूरिस्ट?"

"आई..."

मावशी उठली आणि किचनमध्ये गेली. नळ सुरू झाला.

"किचनमध्ये गेली ना?" रोनितने मला विचारलं.

"हो." मला रडायलाच आलं. मी पण इथेच जन्मले, माझा व्हिसापण बाबांच्या नावावर आहे आणि मला कधी वाटलंच नव्हतं की घराला तारीख असते. मी त्याला खूप काही बोलणार होते, पण तोंडातून आलं, "दादा, तू ना, फार वाईट आहेस."

"आय नो," तो म्हणाला.

मावशी ओल्या हातांनी बाहेर आली. डोळे लाल, आवाज मात्र ऑफिसचा. "मैथू, ट्रेन टाक. सीट त्याच्या समोरची घे, शेजारची नको. तोंड दिसलं पाहिजे मला. हा अजून काहीतरी लपवतोय."

"आय अ‍ॅम नॉट!"

"सात तासांत कळेल. खलास. ठेव फोन."

त्याने ठेवला. मी तिकिटं शोधत होते तर तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि दुसरंच पान उघडलं. मी वाचलं आणि घाबरले.

"मावशी, दादाचा व्हिसा कॅन्सल कशाला करतेस? राहू दे ना. मुदत संपली की जाईल आपोआप."

"लोकांच्या पोरांचे मी नीट कॅन्सल करते. माझ्या पोराचा कुठलंतरी मशीन बाद करणार? मी करीन."

पण व्हिसा काकांच्या नावावर, म्हणून ओटीपी गेला काकांच्या फोनवर, रास अल खैमाला. तिने फोन लावला. मागे फॅक्टरीचा धडधडाट.

"अहो, एक नंबर आलाय बघा. सांगा."

"तूच म्हणतेस ना, ओटीपी कुणाला सांगायचा नाही?"

"मीच मागतेय. रोनितचा व्हिसा कॅन्सल करतेय."

काकांनी आवाज खाली आणला.

"नाही येत तो?"

"नाही. मी जातेय त्याच्याकडे. ट्रेनने."

"पासपोर्ट बघतात का नीट?"

"कुणी बघत नाही म्हणे. तुम्ही नंबर सांगा."

काका म्हणाले, थांब, मशीनपासून लांब जातो. मग चालण्याचा आवाज, मग एक दार, मग शांतता. ते आहेत हे श्वासावरून कळत होतं. स्क्रीनवर सेकंद उलटे पळत होते आणि मावशी, जी बँकेच्या माणसालासुद्धा घाई करते, ती नुसती ते आकडे बघत बसली. शून्य झालं. नंबर बाद.

"गेला," ती म्हणाली. "परत पाठवते. चष्मा लावा तोपर्यंत."